नवी कोंबडी मलूल बसली आहे? औषधाआधी करायची तपासणी, टप्प्याटप्प्यानं

हाटातून कोंबडी आणली, अंगणात सोडली आणि ती कोपऱ्यात पिसं फुगवून पेंगत बसली. इंदुरातल्या लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, कुठूनही मला फोन आला तरी पुढची हकिकत ठरलेली असते. कुणी घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी कुटून चोचीत घातलेली असते. कुणी चमच्यानं पाणी पाजलेलं असतं. कुणी ‘सोबत मिळाली की रमेल’ म्हणून तिला जुन्या कोंबड्यांत सोडून दिलेलं असतं. या तिन्हींपैकी कशानंही धडधाकट कोंबडीसुद्धा दगावू शकते.

कोंबडी मलूल असण्याची कारणं डझनभर आहेत. त्यातली निम्मी नुसत्या विश्रांतीनं आणि पाण्यानं सुटतात, उरलेल्यांतली काही मात्र एक दिवसही थांबू देत नाहीत. कोणतं कारण कुठलं हे कळायला खालच्या क्रमानं जा. क्रम बदलू नका. उलट्या क्रमानं गेलात तर हाताळून हाताळून कोंबडी आणखी थकते आणि दिसायची लक्षणंही पुसली जातात.

टप्पा ० : थांबायचं की डॉक्टर गाठायचा?

हात न लावता, दोन-तीन हातांवरून पाच मिनिटं नुसतं बघा. पुढचं काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवून आधी पशुवैद्यकाला फोन करा:

- ऊन नसताना चोच उघडी ठेवून श्वास, किंवा श्वासाबरोबर घरघर
- मान पिळवटलेली, तोल जाणं, एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला
- शिटेत रक्त
- डोकं, डोळ्यांभोवतीचा भाग किंवा तुरा सुजलेला, तुरा जांभळा पडलेला
- पेंग्विनसारखी उभी राहून शेपटी खाली घालून सारखी कुंथणं
- उठवलं तरी न उठणं

शहरातले बरेच खाजगी दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात. निघायच्या आधी फोनवर ‘पक्षी बघता का?’ एवढं विचारून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरकरांना ते फार लांब नाही.

*सावध:* नवी कोंबडी आणल्यावर घरातल्या दोन-तीन कोंबड्या पटापट मेल्या, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं उचलू नका, कापू नका, खाऊ तर नकाच. पशुपालन विभागाला कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदुरात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा ‘आपल्याकडे कुठलं असलं काही’ म्हणायची सोय उरलेली नाही.

टप्पा १ : तयारी, शक्यतो कोंबडी घरी यायच्या आधी

लागणारं सामान साधं आहे: मोठं खोकं किंवा डालगं, जुनी वर्तमानपत्रं, बुडाला जड असलेलं पाण्याचं भांडं, टॉर्च, स्वयंपाकघरातला किंवा सामानाचा वजनकाटा, वही. खोकं घरातल्या कोंबड्यांपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा, निदान वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या गॅलरीत. तळाशी पांढरटसर कागद अंथरा. भुसा आणि पेंढा पहिले तीन दिवस नको, त्यात शीट दिसत नाही आणि आपली अर्धी तपासणी शिटेवरच आहे.

थंडीत ऊब द्यायला बरेच जण बल्ब लावतात. एलईडी बल्बनं काही ऊब मिळत नाही. जुना पिवळा तारेचा बल्ब मिळाला तर तो एका कोपऱ्यात, खोक्यापासून अंतर राखून लावा. नाहीतर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. दुसरा कोपरा थंडच राहू द्या, म्हणजे नको झालं की ती सरकेल.

विकणाऱ्याला चार प्रश्न विचारायचे राहिले असतील तर आज फोन करून विचारा. वय किती? पिंजऱ्यात होती की मोकळी? काय खात होती? राणीखेत या जीवघेण्या साथरोगाची लस झाली आहे का? या उत्तरांनी पुढचे दोन टप्पे अर्ध्यावर येतात.

टप्पा २ : पहिले २४ तास, हात बांधून ठेवा

पाय सुतळीनं बांधून, मोटरसायकलच्या हँडलला उलटं लटकवून तीस-चाळीस किलोमीटर आणलेला पक्षी दुसऱ्या दिवशीपर्यंत गप्प बसला तर त्यात नवल नाही. पायात गाठ करकचून बांधली असेल तर पाय काही तास बधिर राहतात आणि कोंबडी लंगडी वाटते. सुतळीचा वण तेवढा बघून घ्या. जखम असेल तर कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा आणि कोरडी करा.

मग खोक्यात ठेवा, अर्धं झाकण घाला, पाणी ठेवा आणि जा. मुलांना, शेजाऱ्यांना, फोटोंना आज सुट्टी.

बाजारातून संध्याकाळी आणलेली कोंबडी रात्री आठला ‘हलतच नाही’ असा फोन मला हमखास येतो. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, सूर्य मावळला की ती बसते आणि उजाडेपर्यंत तशीच राहते. रात्रीच्या मलूलपणावरून काहीच ठरवू नका. सकाळी नऊ आणि दुपारी चार, या दोन वेळांची नोंद खरी.

*तपासणी:* चोवीस तासांनंतर दोन गोष्टी व्हायला हव्यात. पाणी कमी झालेलं दिसलं पाहिजे आणि आवाज झाल्यावर मान वळली पाहिजे. दोन्ही असतील तर टप्पा ३ शांतपणे करा. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर आजच डॉक्टरांशी बोला.

टप्पा ३ : पाणी पितेय का, हे डोळ्यांनी बघा

भांड्यात पाणी आहे म्हणजे ती पितेय, असं आपण धरून चालतो आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतो.

पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यात वाढलेली कोंबडी आयुष्यभर निप्पलमधून, म्हणजे चोच मारली की थेंब सोडणाऱ्या तोटीतून, पाणी पिते. तिला कटोरी म्हणजे पाणी हे ठाऊकच नसतं. ती भरल्या भांड्याशेजारी तहानेनं व्याकूळ होऊन बसते, मग खायचंही थांबवते, आणि आपण म्हणतो आजारी आहे. वरच्या चोचीचं टोक छाटलेलं दिसलं तर ती बहुधा अशाच ठिकाणची. तिच्यासमोर बोटानं पाण्यावर टिचक्या मारा, चमकणारे थेंब तिचं लक्ष वेधतात. जमलं नाही तर चोचीचं नुसतं टोक पाण्याला लावा आणि सोडा. दोन-तीन वेळा एवढं केलं की बहुतेकींना उमजतं.

*सावध:* चमच्यानं किंवा सिरिंजनं तोंडात पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं भोक जिभेच्या अगदी मागेच असतं. पाणी तिकडे गेलं की संपलं.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते, मे महिन्यात याच्या दुप्पटही जातं. भांड्यावर पेननं खूण करा, म्हणजे अंदाज येईल. प्रवासाचा शीण असेल तर पहिल्या दिवशी काही तासांपुरतं एका लिटरला दोन चमचे गूळ घातलेलं पाणी चालतं, शेजारी साधं पाणीही ठेवा. गुळाचं पाणी रात्रभर ठेवू नका, आंबतं.

उन्हाळ्यात आणली असेल तर मलूलपणाचं पहिलं कारण ऊनच धरा. पंख अंगापासून लांब धरलेले, चोच उघडी, धापा: सावली, वारा, गार पाणी, आणि पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात. बर्फ नाही, अंगावर बादली नाही. पंधरा-वीस मिनिटांत धाप कमी झाली नाही तर टप्पा ० मधली यादी पुन्हा वाचा.

टप्पा ४ : खाणं, आणि गळ्याखालची अन्नपिशवी

काय देताय ते आधी. इंदूरच्या घरात उरलेली शेव, मिक्सचर, पोहे हे अंगणातल्या पक्ष्याचं ठरलेलं खाद्य असतं. पोहे धकून जातील, पण शेव आणि नमकीन बंद. मिठाचा भार कोंबडीला सोसत नाही. खूप तहान, पातळ शीट, मग लुळेपणा असा प्रकार त्यानं होऊ शकतो. पावसाळ्यात दमट लागलेलं, बुरशीचा वास येणारं धान्यही तसंच फेकायचं. ‘कोंबडीला काय, तिला चालतं’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. नाही चालत.

पहिल्या आठवड्यात जुनं खाद्यच द्या, ते बाजरी-मका असो की पोल्ट्रीची भरड. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाते, लहान चणीची थोडं कमी. नवं खाद्य थोडं थोडं मिसळत चार-पाच दिवसांत बदला.

आता अन्नपिशवी. ही मानेच्या मुळाशी, कोंबडीच्या उजव्या अंगाला असते. दोनदा हात लावायचा: रात्री बसायच्या आधी, आणि सकाळी खायला घालायच्या आधी.

- रात्री भरलेली, सकाळी रिकामी: ठीक. पचन चालू आहे, अर्धी काळजी मिटली.
- रात्रीही रिकामी: खातच नाही. पाण्याच्या टप्प्यावर परत जा, मग शीट बघा.
- सकाळीही भरलेली, कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट: काहीतरी अडकलंय. लांब गवत, सुतळीचा तुकडा, प्लास्टिक.
- सकाळी भरलेली पण पाण्याच्या फुग्यासारखी, तोंडाला आंबूस वास: आत आंबलंय.

शेवटच्या दोन्हींत खायला बंद करा, पाणी चालू ठेवा, डॉक्टर गाठा.

*सावध:* कोंबडी उलटी धरून पिशवी दाबून ओकवण्याचा उपाय गावोगाव सांगतात. ते पाणी फुप्फुसात जातं. करू नका.

टप्पा ५ : शीट वाचायला शिका

सकाळचा कागद उचला आणि उजेडात बघा. किळस बाजूला ठेवा, फुकटात इतकी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

नेहमीची शीट करडी-तपकिरी आणि तिच्यावर पांढरी टोपी. आठ-दहा वेळांतून एकदा चॉकलेटी, फेसाळ, नकोसा वास येणारी शीट पडते. तीही नेहमीचीच आहे, जुलाब नव्हे. या एका गैरसमजापायी कितीतरी कोंबड्यांना विनाकारण औषधं दिली जातात.

गडद हिरवी शीट बघून लोक थेट राणीखेत म्हणतात. थोडं थांबा. दिवसभर न खाल्लेल्या कोंबडीची शीट पित्तामुळे हिरवीच होते. हिरवी शीट, जोडीला खोकला, घरघर, मान वाकडी होणं असं सगळं एकत्र असेल तर मात्र राणीखेतचा संशय खरा, आणि मग घरातल्या सगळ्या कोंबड्यांचा प्रश्न असतो. नुसती पाण्यासारखी पातळ शीट प्रवास, भीती आणि उन्हानंही होते. दोन दिवसांत आटोक्यात आली पाहिजे.

रक्त दिसलं तर, विशेषतः तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) किंवा त्याहून लहान पिल्लं असतील तर, कॉक्सिडिओसिस हा आतड्यातल्या परजीवींचा रोग मनात धरा. पाण्यातून द्यायचं औषध यावर असतं, पण प्रमाण डॉक्टरांनी वजन ऐकून सांगायचं. त्याआधी कालच बीट घातलं नव्हतं ना, एवढी खात्री करून घ्या. ही चूक मी स्वतः केली आहे.

जंत दिसले किंवा खाऊनही वजन उतरत असेल तर ताजी शीट स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी तपासायला न्या. शिळी, वाळलेली शीट उपयोगाची नाही.

टप्पा ६ : अंग तपासणी, संध्याकाळी आणि हलक्या हातानं

दिवेलागणीला कोंबडी शांत असते, तेव्हा उचला. दोन्ही पंख अंगाशी धरून काखेत घ्या. छातीवर दाब देऊ नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, श्वास घेताना तिचं छातीचं हाड हलावं लागतं. मुलांनी प्रेमानं घट्ट कवटाळलेली कोंबडी गुदमरू शकते ती याच कारणानं. उताणीही जास्त वेळ ठेवू नका.

अंग तापलेलं लागेल. लागू द्या. कोंबडीचं नेहमीचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. ताप समजून पॅरासिटॅमॉल द्यायचं नाही.

आता वरून खाली या. डोळे स्वच्छ, ओले-चिकट नकोत. नाकपुड्या कोरड्या. तुऱ्यावर किंवा कल्ल्यांवर (चोचीखाली लोंबणारी कातडी) खपल्यांचे दाणे असतील तर कोंबड्यांच्या देवी रोगाचा संशय. छातीचं हाड सुरीसारखं टोचत असेल तर ही कोंबडी तुमच्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून उपाशी किंवा आजारी आहे. तळपायावर काळी खपली आणि सूज असेल तर जखम आत पिकली आहे. शेवटी शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. भोकाभोवती पिवळसर उवा पळताना किंवा पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके दिसतील.

तुरा फिका पडला की रक्त कमी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कडकनाथ ही काळी जात पाळणाऱ्यांनी मात्र या खुणेवर विसंबू नये, आणि आपल्याकडे तिचा मूळ मुलूख झाबुआ जवळ असल्यानं कडकनाथच जास्त आणले जातात. त्याचा तुरा, कल्ले, जीभ, सगळं मुळातच काळपट. मी पहिली कडकनाथ कोंबडी आणली तेव्हा तुरा बघून ‘रंग छान आहे’ म्हणत राहिलो. चौथ्या रात्री टॉर्च घेऊन गेलो तर बसायच्या दांडीच्या फटीतून लाल किडे रांगेनं तिच्या पायावर चढत होते. दिवसा त्यांचा मागमूस नव्हता. तोवर तिच्यात रक्त उरलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ती गेली.

म्हणून कडकनाथसाठी तीन वेगळ्या खुणा: रोज सकाळचं वजन, चार पावलं चालल्यावर लागणारा दम, आणि रात्रीची टॉर्च. मोठी कडकनाथ कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची असते. आकडा उतरत चालला तर तुऱ्याकडे बघत बसू नका.

*तपासणी:* दांडीवर रात्री पांढरं फडकं गुंडाळा, पहाटे चोळून बघा. लालसर डाग उठले तर किडे आहेत. मग कोंबडीबरोबर खुराड्याच्या फटीही साफ कराव्या लागतात. औषधाचा एक हात पुरत नाही, किड्यांची अंडी नंतर फुटतात म्हणून सांगितल्या दिवसांनी दुसरा द्यावाच लागतो. कुत्र्याचे गोचिडीचे थेंब कोंबडीला लावू नका.

टप्पा ७ : अंड्याची अडचण आणि काही निरुपद्रवी कारणं

पाच महिन्यांच्या आतली तलंग असेल तर अंडं अडकण्याचा प्रश्न बहुधा नाही. मोठी असेल, अधूनमधून कुंथत असेल, सारखी घरट्यात जाऊन रिकामी येत असेल, तर हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, पुसून कोरडी करा, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. एक-दोन तासांत अंडं आलं नाही तर दवाखाना. पोट दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर जिवावर बेततं.

घरट्यावर चपटी बसून राहणारी, हात नेला की फुगून टोच मारणारी, ‘क्लक-क्लक’ करणारी कोंबडी खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे, आजारी नाही. पावसाळ्यानंतर पिसं गळत असतील तर तीही काही आठवडे उदास दिसते आणि अंडी थांबवते, तेव्हा खाद्यात थोडं प्रथिन वाढवा.

आणि एक शंका विचारून घ्या: ही खरंच गावरान आहे का? जाड पाय, रुंद छाती, वय जेमतेम दीड महिना आणि वजन दीड किलोच्या पुढे, तर तुम्हाला गावरान म्हणून ब्रॉयलर विकली आहे. ती बसूनच असते, कारण पायांना वजन पेलत नाही. तिला खाद्य मोजून द्या आणि पाणी थोडं लांब ठेवा, म्हणजे उठेल.

टप्पा ८ : डॉक्टरांना काय सांगायचं

‘सुस्त आहे, काहीतरी द्या’ असं म्हटलंत तर काहीतरीच मिळेल. वहीतून वाचून दाखवा: आणल्याची तारीख, वय, वजन, पाणी किती, सकाळी पिशवी कशी, शिटेचा रंग, श्वास, लस. शिटेचा फोटो न्या. औषध मिळालं की ‘अंडी किती दिवस खायची नाहीत?’ हा प्रश्न विसरू नका, आणि बरी वाटली म्हणून औषध मध्येच सोडू नका. हाताळल्यावर दर वेळी साबणानं हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

टप्पा ९ : जुन्या कोंबड्यांत सोडताना

तीन ते चार आठवडे वेगळी ठेवा. ती हिंडू-खाऊ लागली तरीही, कारण काही रोग ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यातूनच येतात. रोज आधी जुन्यांना खायला घाला, मग नवीला. उलट केलंत तर तुमच्या चपलाच रोग नेतील.

शेवटचा आठवडा जाळीआडून एकमेकींना दिसू द्या. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, हिला शेजारी ठेवा आणि उजाडायच्या आत तिथे हजर राहा. टोचाटोची होणारच, रक्त निघालं तरच वेगळं करा. या दिवसांत ती पुन्हा मलूल दिसली तर औषध शोधण्याआधी बघा, तिला भांड्यापर्यंत पोचू देतायत का. पाण्याची आणि खाद्याची दुसरी भांडी इतक्या लांब ठेवा की दादागिरी करणाऱ्या एका कोंबडीला दोन्ही जागा राखता येणार नाहीत.